शालेय कुस्तीत पंच व्हायचंय? मॅटवर उतरण्याआधी एवढं वाचा

ऑगस्ट उजाडला की तालुक्याच्या शालेय स्पर्धांचं वेळापत्रक येतं आणि त्याच्या मागोमाग ठरलेला फोन येतो: "सर, कुस्तीला पंच कमी पडतायत. कुणी नवीन असेल तर पाठवा." कुस्ती खेळलेली पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत, पण शिट्टी घेऊन उभं राहायला फार थोडी पुढे येतात. ती यावीत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय. तुम्ही तालमीत अंगाला माती लावलेली असेल, किंवा क्रीडाशिक्षक म्हणून नुकतेच रुजू झाला असाल आणि तुमच्यावर हे काम आलं असेल. दोघांनाही याचा उपयोग होईल.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधीच सांगतो. शालेय कुस्तीत पंचाने आधी खालच्या मुलाकडे बघायचं. वरचा मुलगा गुण घेत असतो, त्याच्याकडे सगळं मैदान बघत असतं. खालच्याची मान कशी वळलीय, हात कुठे अडकलाय, त्याला श्वास घेता येतोय का, हे त्या क्षणी बघणारा तुमच्याशिवाय दुसरा कुणी नसतो.

आधी नियम, आणि माती विसरायची तयारी

तुमच्या जिल्ह्याच्या तालीम संघाकडे किंवा कुस्तीगीर संघाकडे जा आणि पंच शिबिर कधी आहे ते विचारा. शिबिरात नियम शिकवतात, लेखी परीक्षा होते, मग प्रत्यक्ष मॅटवर उभं करून बघतात. पुढे राज्य, राष्ट्रीय आणि जमलंच तर आंतरराष्ट्रीय पंचाची परीक्षा असते. जागतिक संघटनेच्या पंचांची सुरुवात तिसऱ्या श्रेणीपासून होते. पण हे सगळं नंतरचं. पहिली दोन-तीन वर्षं तालुका आणि जिल्हा एवढंच डोळ्यांसमोर ठेवा.

मातीत वाढलेल्याला इथे एक अडचण येते, मलाही आली. जत्रेच्या फडात गुण नसतात. पाठ लागली की कुस्ती झाली, नाहीतर वेळ संपल्यावर पंचमंडळी दोघांचे हात वर करून ती बरोबरीत सोडवतात. मॅटवर बरोबरी नाहीच. इथे लंगोट-जांघियाला हात घालून उचलायची सवय चालत नाही, प्रतिस्पर्ध्याचा कॉश्च्युम धरणं हाच दोष आहे. मुलगा मागे सरकत वर्तुळाबाहेर गेला तर समोरच्याला एक गुण जातो. फडात मागे जाऊन दम घेणं हा शहाणपणा समजतात, त्यामुळे कितीतरी मुलांना आपण गुण का गमावला हेच कळत नाही. अशा मुलाला कुस्ती संपल्यावर दोन वाक्यांत समजावून सांगायची सवय ठेवा.

नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा. जागतिक संघटना नियम बदलते, आणि तुमच्याआधी एखाद्या पालकाने तो बदल मोबाईलवर पाहिलेला असतो.

वजनाची सकाळ

नवा पंच वजनाला हजर राहायचा कंटाळा करतो. मी तर म्हणेन, अर्धी पंचगिरी तिथेच होते.

वजनकाटा सपाट फरशीवर आहे ना ते बघा. नखं कापलेली हवीत, अगदी बोटाच्या टोकाशी. कातडीवर गजकर्ण, नायटा, खरूज किंवा पू धरलेली जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे सोडू नका. एका मुलाचं गजकर्ण एका दिवसात साऱ्या मॅटवर फिरतं आणि आठवड्याभरात पाच तालमींत पोहोचतं. अंगाला तेल नको. मालिश करून आलेला मुलगा हाताला लागतच नाही, तेव्हा आधी टॉवेलने अंग कोरडं करून यायला सांगा.

गळ्यातला ताईत, मनगटातलं कडं, दंडाला बांधलेला गंडा, कमरेचा करदोटा हे सगळं उतरवावं लागतं. इथे हळू बोला. तो गंडा आजीने बांधलेला असतो, मुलगा घाबरून तुमच्याकडे बघतो. "काढ रे" म्हणून ओरडू नका. "हा वस्तादांच्या हातात दे, कुस्ती झाली की लगेच परत बांध" असं म्हटलं की तो स्वतःच काढून देतो. मुलींच्या बाबतीत पिना, कानातले, बांगड्या बघायच्या असतात. त्यांचं वजन आणि तपासणी महिला पंचांनीच करायची, आणि महिला पंच नसतील तर आयोजकांना शिक्षिका बोलावून घ्यायला सांगायचं. सांगलीत २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हापासून आमच्याकडे मुलींच्या नोंदणीच्या टेबलाला रांग लागते. महिला पंच मात्र त्या मानाने नाहीत. हे वाचणारी कुणी ताई असेल तर तिने शिबिराला नाव नक्की द्यावं.

वजन उतरवण्याचा प्रकार तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसेल. स्वेटरवर स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारणारा, आदल्या संध्याकाळपासून पाणी न प्यायलेला, ओठ सुकलेला चौदा वर्षांचा पोरगा. त्याला काट्यावरून उतरवून लगेच रागवण्यात अर्थ नाही, त्याने मोठ्यांचं ऐकलेलं असतं. त्याच्या शिक्षकांना बाजूला घेऊन सांगा. आणि तो मुलगा कुठल्या गटात आहे हे लक्षात ठेवा, कारण दुपारी चक्कर येणारा तोच असतो.

वयाच्या दाखल्यावरून वाद झाला तर तो तुम्ही सोडवायचा नाही. हरकत लेखी घ्यायला सांगा आणि स्पर्धाप्रमुखांकडे पाठवा.

उभं कुठे राहायचं

मॅटवरचं कुस्तीचं वर्तुळ नऊ मीटर व्यासाचं असतं, त्यातला कडेचा एक मीटरचा पट्टा वेगळ्या रंगाचा. त्याच्या बाहेर सुरक्षिततेची जागा. तुमच्या डाव्या मनगटावर लाल पट्टी, उजव्यावर निळी. मॅटवर तुम्ही, एका कडेला बाजूचा पंच आणि टेबलावर मॅटप्रमुख, असे तिघं मिळून निर्णय देता. तिघांपैकी दोघांचं जुळलं की गुण पक्का. तुम्ही दोन बोटं वर केली आणि बाजूच्या पंचाने फलक उचलला नाही, तर मॅटप्रमुख दोघांपैकी एकाच्या बाजूने मत देतो. त्याने तुमच्या विरुद्ध मत दिलं तर चेहरा पाडू नका. ही सोय तुमच्यासाठीच आहे. एका माणसाला चारी बाजू दिसत नाहीत.

माझ्याच हातून घडलेलं सांगतो. पंचगिरीचं दुसरं वर्ष, तालुका स्पर्धा, चौदा वर्षांखालचा गट, शाळेच्या सभागृहात दोन मॅट. लाल कॉश्च्युममधला मुलगा खाली सापडला होता. मी त्याच्या पायांच्या बाजूला होतो. वरच्या मुलाची पाठ मधे आडवी आली होती, मला खालच्याचा डावा खांदा दिसत होता, उजवा दिसत नव्हता. प्रेक्षक "पाठ, पाठ" ओरडत होते. मी गुडघ्यावर बसलो, बाजूच्या पंचाकडे न बघता मॅटवर हात मारला आणि शिट्टी दिली. निळ्याचा हात वर केला. पाच मिनिटांनी तो हरलेला मुलगा टॉवेल खांद्यावर टाकून माझ्याजवळ आला. तक्रार करायला आला नव्हता, खरंच विचारत होता: "सर, माझा एक खांदा वर होता ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला खरं ते सांगितलं, की मला दिसलं नव्हतं आणि मी हात मारायला नको होता. निकाल बदलत नव्हता. तो "बरं सर" म्हणाला आणि गेला. ते "बरं सर" मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून न दिसलेली पाठ द्यायची नाही. चितपट देताना दोन्ही खांदे एकाच वेळी मॅटला लागलेले आणि क्षणभर तिथे दाबून धरलेले दिसले पाहिजेत. मग बाजूच्या पंचाची किंवा मॅटप्रमुखाची खूण घ्यायची, नंतर हात आणि शिट्टी. ते बघायचं तर सतत हलत राहावं लागतं. कुस्ती जमिनीवर गेली की डोक्याच्या बाजूला या, आणि गरज पडली तर छाती मॅटला टेकेपर्यंत खाली वाका. मॅटप्रमुख आणि कुस्ती यांच्या मधे उभं राहू नका. दोघं उभे असताना दोन-अडीच पावलांचं अंतर ठेवा, फेक आली तर पाय तुमच्या तोंडावर येतो. कडेला कुस्ती गेली की लगेच रेषेकडे पळा, आधी कुणाचं पाऊल बाहेर गेलं हे लांबून कळत नाही.

घरी सराव करायचा असेल तर तालमीत जाऊन पोरांच्या लढतीभोवती फिरा. शिट्टी नको, गुण नकोत. फक्त प्रत्येक क्षणाला चारही खांदे दिसतील अशी जागा शोधत राहा. महिनाभर हे केलंत तर शिबिरातल्यापेक्षा जास्त शिकाल.

गुणांचा हिशोब

फ्रीस्टाईलमध्ये ताबा मिळवला की दोन गुण. पाठ मॅटकडे वळवून धोक्यात आणली की दोन, म्हणजे भारंदाजाच्या (खालच्याला कमरेत कवळून गुंडाळत फिरवण्याच्या डावाच्या) प्रत्येक फिरकीला दोन. उभ्यावरून थेट धोक्यात फेकलं तर चार, आणि मोठ्या उंचीच्या कमानदार फेकीला पाच. खालच्याने उलटून वर येत ताबा घेतला तर एक, बाहेर पाऊल गेलं तर समोरच्याला एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. सतरा वर्षांखालच्यांना दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे तीस सेकंद. नुसता हात झटकत वेळ काढणाऱ्याला आधी तोंडी समज द्यायची, मग तीस सेकंदांची मुदत. त्या मुदतीत कुणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण.

भांडणं होतात ती बरोबरीच्या गुणांवर. फळ्यावर चार-चार दिसतं आणि एकाचा हात वर होतो, तेव्हा गॅलरीला वाटतं पंच विकला गेला. क्रम असा आहे: आधी कुणाचा डाव मोठ्या गुणांचा ते बघायचं, म्हणजे एकदाच चार घेणारा दोनदा दोन घेणाऱ्याला मागे टाकतो. तेही सारखं असेल तर ज्याला ताकिदी कमी तो. तेही सारखं असेल तर ज्याने शेवटचा तांत्रिक गुण घेतला तो. हा क्रम झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. शेवटच्या तीस सेकंदांत कोण पुढे आहे हे तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही घाबरत नाही, आणि पंच घाबरला नाही की मुलंही नीट खेळतात.

शिट्टी कधी मारायचीच

मोठ्यांच्या कुस्तीत पंच क्षणभर थांबतो, डाव पुरा होऊ देतो. लहान मुलांत थांबू नका. एक गुण हुकला तर तो मुलगा पुढच्या वर्षी घेईल.

मानेच्या कवळीत समोरच्याचा एक हात आत असलाच पाहिजे. नुसती मान दोन्ही हातांनी आवळली की ताबडतोब तोडा. लहान गटांत दोन्ही हातांनी मानेवर दाब देणारा नेल्सन चालत नाही. एक-दोन बोटं पिरगाळणं, पाठीमागे नेलेला हात कोपरातून दुमडून वर रेटणं, डोक्याला किंवा मानेला पायांची कात्री घालणं, या सगळ्याला लगेच शिट्टी. पुलावर, म्हणजे डोकं आणि पाय टेकून पाठ वर उचलून धरलेल्या मुलाला उचलून परत आपटणं तर कधीच चालू द्यायचं नाही.

सगळ्यात जास्त दुखापत होते ती कोपराला. फेकला जाणारा मुलगा वाचण्यासाठी हात ताठ करून मागे टेकवतो आणि दोघांचं वजन त्या एका हातावर येतं. हात मागे गेलेला दिसला की शिट्टी तोंडातच असली पाहिजे, गळ्यात लटकलेली नव्हे. मान दुखतेय असं कुणी म्हणालं, किंवा पडून हलत नसेल, तर त्याला उठवू नका, कुणाला उठवूही देऊ नका. गावाकडे लगेच चार जण धावत येतात, एक पाय ओढतो, एक पाणी मारतो. त्यांना हात आडवा करून थांबवा आणि डॉक्टर येईपर्यंत डोकं आहे तसंच राहू द्या. डोक्यावर आपटून उठलेला मुलगा "मी ठीक आहे" म्हणतोच. त्याला विचारा कितवी फेरी चालू आहे, प्रतिस्पर्धी कुठल्या शाळेचा. उत्तराला उशीर झाला की डॉक्टरांकडे पाठवा. रक्त आलं तर थांबायचं, पुसायचं, बांधायचं, मॅट जंतुनाशकाने पुसून मगच पुढे.

स्पर्धेच्या दिवशी डॉक्टर किंवा रुग्णवाहिका नसेल तर पहिली कुस्ती लावू नका. आयोजक म्हणतील, "येतायत, रस्त्यात आहेत." ते पोहोचल्यावर सुरू करा. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

विश्रांतीचंही तसंच. एकाच मॅटवर गट संपवायची घाई असते आणि उपांत्य फेरी खेळून आलेल्या मुलाचा पुकारा लगेच होतो. नियमाने मिळणारी विश्रांती त्याला मिळाली का हे विचारायला कुणी नसतं, त्याचे शिक्षक दुसऱ्या मॅटवर असतात. १९५२ साली हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांना एका लढतीनंतर लगेच दुसऱ्या लढतीला उभं केलं गेलं, आणि त्यांच्या बाजूने नियम सांगायला भारताचा कुणी अधिकारी तिथे नव्हता, असं कऱ्हाडकडची जुनी माणसं अजून हळहळून सांगतात. तरी खाशाबांनी कांस्य आणलं. तुमच्या मॅटवर असा एकटा उभा असलेला मुलगा दिसला तर त्याच्या बाजूने घड्याळ तुम्ही बघा.

कॉर्नरमधले आणि गॅलरीतले

कुस्तीतल्या प्रमाणपत्राला आपल्याकडे वजन आहे. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण, पुढे नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, या वाटेची सुरुवात अशाच एखाद्या सभागृहातून होते. म्हणून बाप ओरडतो. त्याने म्हशीच्या दुधाचा आणि बदामाचा खुराक स्वतःचं पोट मारून चालू ठेवलेला असतो. हे कळलं की त्याच्या ओरडण्याचा राग येत नाही. पण अंगावर येणं खपवून घ्यायचं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत एका नामांकित मल्लाने पाठ लागलीच नाही असं म्हणत पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. ते दृश्य शाळकरी मुलांनी घरोघरी मोबाईलवर पाहिलंय. त्यामुळे आता आपण मॅटवर कसे वागतो याकडे तीच मुलं बारकाईने बघतात.

वस्ताद मॅटवर चढले तर कुस्ती थांबवा आणि त्यांना "वस्ताद, खाली बसून घ्या, संपल्यावर बोलू" एवढंच म्हणा. वयाने मोठ्या माणसाशी चारचौघांत वाद घातला की तुम्ही खरे असूनही हरता. बोलायचं ते मॅटप्रमुखासमोर. ओळखीच्या तालमीचा मुलगा आला तर आधीच सांगून ती कुस्ती दुसऱ्या पंचाकडे द्या. गावात सगळेच सगळ्यांचे पाहुणे असतात, पण सख्ख्या तालमीच्या पोराला शिट्टी मारणं टाळता येतं.

मानधनाची अपेक्षा फार ठेवू नका. दिवसाचा चहा-नाश्ता, जेवण आणि प्रवासाला पुरेल इतकं मिळतं, कधी तेही उशिरा. गुडघे दुखतात. संध्याकाळपर्यंत आवाज बसतो. आणि चांगल्या पंचाचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही.

तरीही मी दर ऑगस्टला जातो. का, ते एका गेल्या वर्षीच्या प्रसंगातून सांगतो. मुलींच्या गटात कुस्ती चार-चारवर संपली. दोघींचे दोन-दोनचे डाव, ताकीद कुणालाच नाही, आणि शेवटचा ताबा निळ्या मुलीचा. मी निळा हात वर केला. लाल मुलीची आई, शेतातून थेट आलेली, पदर खोचून टेबलाशी आली. "सारखं झालं तर माझी का हरली?" आवाज चढलेला होता. मी मॅटप्रमुखांची परवानगी घेऊन गुणपत्रक तिच्यासमोर धरलं आणि बोट ठेवत गेलो: हे लालचे दोन, हे निळीचे दोन, हे परत लालचे दोन, आणि हे बघा, बारा सेकंद राहिले असताना निळीचे. बाईंनी दोनदा बघितलं. वाचता येत होतं त्यांना, आकडे नीट जुळवून बघितले. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "शेवटी हात सोडलास तू. पुढच्या वेळी शेवटचा आपण घ्यायचा." मुलीने मान हलवली, माझ्याकडे येऊन हात मिळवला आणि दोघी पाण्याच्या टाकीकडे गेल्या. पुढचा पुकारा झाला होता, मी पट्ट्या सरळ करून मॅटवर परत गेलो.